लक्ष द्या, नाना बोलत आहेत

मागच्या वर्षी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, सकाळी वॉर्डात चहाचा गाडा फिरत असताना, धुळ्यातल्या देवपूरच्या शकुंतला अक्कांवर अन्याय झाला. खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशनला नेण्याआधी त्यांचा चष्मा, कानातलं मशीन आणि कवळी काढून घेण्यात आली आणि ऑपरेशननंतर ती त्यांना परत मिळाली नाही. अक्का शुद्धीवर आल्या तेव्हा समोर कोण उभं आहे ते त्यांना दिसेना, ते माणूस काय म्हणतंय ते ऐकू येईना, आणि त्या स्वतः जे बोलत होत्या ते दातांवाचून कुणाला धड कळेना. यावर आपल्या समाजाने काय केलं? समाज पलंगाभोवती गोळा झाला, अक्कांच्या तोंडावर म्हणाला, "म्हातारीचं डोकं गेलं," आणि पेशंटसाठी आणलेली केळी स्वतःच खाऊन निघून गेला.

मी याचा जाहीर निषेध करते. म्हणजे तेव्हाही केला होता, पिवळ्या कागदावर, दोन्ही बाजूंनी छापून.

पण आमच्या गल्लीला ही बातमी माझ्या पत्रकाने कळली नाही. ती कळवली अक्कांचे यजमान रामदास नानांनी. नाना दवाखान्यातून डबा न्यायला घरी आले, ओट्यावर चढले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि म्हणाले, "लक्ष द्या. गल्लीतील सर्व रहिवाशांनी कृपया लक्ष द्यावे. अक्कांचे ऑपरेशन व्यवस्थित पार पडले आहे. मात्र अक्का अद्याप पोहोचलेल्या नाहीत. कृपया नोंद घ्यावी."

आणि डबा घेऊन परत गेले.

नाना हे असं का बोलतात, ते सांगायला हवं. नाना धुळ्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या केबिनमध्ये माईकपुढे बसून त्यांनी उभी नोकरी केली. निवृत्त झाल्यावर माईक तेवढा तिथे ठेवावा लागला, बाकी सगळं ते घरी घेऊन आले. दूधवाला गल्लीच्या वळणावर दिसला, की नाना ओट्यावरून, "दूध गल्लीत प्रवेश करीत आहे. भांडी घेऊन सज्ज राहावे." लाईट गेली, की, "वीजपुरवठा पुढील सूचनेपर्यंत रद्द. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." आमच्या शेजारच्या लग्नात मामा नवरीला हाताला धरून मांडवात आणत होते. भटजींनी मंगलाष्टकासाठी तोंड उघडलं, त्याआधी नानांनी उघडलं, "नवरी मुलगी, व्हाया मामा, मांडवात येत आहे. वऱ्हाड्यांनी गर्दी करू नये." नवरी हसली, मामा हसला, नवरदेव मात्र घाबरून दोन पावलं मागे सरकला.

माणसांकडेही ते गाड्यांसारखंच बघतात. गल्लीतले जावई सगळे निमआराम. नगरसेवक राखीव. सकाळी झाडायला येणाऱ्या मावशी जलद, आणि पोस्टमन साधी गाडी, सगळे थांबे घेणारा. मला त्यांनी ठेवलेलं नाव विनाथांबा. मला ते कौतुक वाटायचं. मी एकदा तसं त्यांना बोलूनही दाखवलं.

"कौतुक?" नाना म्हणाले. घोषणा नसली की ते घरच्या अहिराणीवर येतात. "पोरी, मधला गावना लोके हात दाखाडतस, आनि तू थांबतच नही."

मी थांबले नाही. मला मोर्च्याला उशीर होत होता.

माझं सांगायचं तर मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. कॉलेजात असताना नळाच्या पाण्यावर पत्रक काढलं, मग खड्ड्यांवर, मग तंबाखूवर. सुरुवात कुणावर अन्याय झाला, कधी झाला याने करायची, मध्ये निषेध, शेवटी मागणी. या साच्यात बसणार नाही असं दुःख मी आजवर पाहिलेलं नाही. बसलं नाही तर मी त्याचे हातपाय दुमडून बसवते. अक्कांचं प्रकरण तर साच्यासाठीच घडल्यासारखं होतं. अक्कांच्या जावेकडून, शेजारणीकडून माहिती गोळा केली. अक्कांनी नानांना ओळखलं नाही. सलाईनची नळी ओढली. दुपारी झोपल्या, अंधार पडला की ओरडायला लागल्या. मग सून माहेराहून आली, मग चष्मा-मशीन सापडलं, मग हळूहळू अक्का ताळ्यावर आल्या. कुठे सापडलं, हे मी विचारलं नाही. आंदोलनाला आरोपी लागतो, तपशील लागत नाही. आरोपी मी ठरवूनच टाकला होता, दवाखाना.

त्या तावातच मी त्याच दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडमना जाब विचारायला गेले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. माझं संपेपर्यंत ऐकलं, आणि ते संपायला बराच वेळ लागला. मग म्हणाल्या, "ऑपरेशननंतर म्हातारी माणसं काही दिवस गोंधळतात. पुष्कळांचं होतं. कुठे आहोत कळत नाही, रात्र-दिवस कळत नाही, भलतंच दिसतं. ते वेड नव्हे. बहुतेकांचं निवळतं, पण काहींना महिनोन्महिने त्रास राहतो. आणि त्यातलं बरंचसं आधी तयारी केली तर टाळता येतं. हे त्यांना ऑपरेशनच्या आधी कुणी सांगतच नाही. तुम्ही सांगाल?"

मी जाब विचारायला गेले होते, काम घेऊन आले. माझ्यासारख्यांना गप्प करायची हीच रीत असावी.

मी लगेच नवं पत्रक काढलं. मथळा दिला, 'मेंदू आमच्या हक्काचा!' मारुती मंदिराच्या सभामंडपात ज्येष्ठ नागरिकांची सभा बोलावली. सगळे आले, कारण चहा आहे असं नानांनी आदल्या दिवसापासून ओट्यावरून जाहीर केलं होतं. मी अर्धा तास बोलले. मेंदूचा रक्तपुरवठा, भुलीची औषधं, व्यवस्थेची अनास्था. शेवटी विचारलं, "काही शंका?"

पहिल्या रांगेतले एक आबा उठले. "ताई, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डॉक्टर मेंदूलाही हात लावणार का?"

दुसऱ्या एक अक्का म्हणाल्या, "सही कुठं करायची? आनि मोर्चा कोन्या दिवशी शे?"

तिसऱ्या काही म्हणाल्या नाहीत, त्यांनी माझ्या पत्रकात प्रसादाची बुंदी बांधली होती.

मी हताश होऊन खाली बसले आणि नानांनी माईक घेतला. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या हातात खरा माईक आला होता. त्यांनी तो आधी दोन बोटांनी ठोकला, मग रुमालाने पुसला.

"लक्ष द्या. ऑपरेशनला जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आपले सामान आपल्याजवळ ठेवावे. सामान म्हणजे चष्मा, कानातले मशीन, दात. ऑपरेशनच्या खोलीत नेता येणार नाही, मान्य. परंतु बाहेर येताच परत लावण्यासाठी ते घरच्या माणसाच्या हातात असावे. झोपेची गोळी, तंबाखू, मिश्री, आणि संध्याकाळची ती बाटली, जी आपण औषधापुरती घेतो, त्याबद्दल डॉक्टरांना खरे सांगावे. तिकीट न काढता प्रवास केल्यास दंड होईल, आणि तो डोक्याला होईल."

मंडपात हशा झाला. मागच्या रांगेतले एक गृहस्थ हसले नाहीत. ते दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन बाटलीबद्दल खरं बोलून आले.

माझा जळफळाट झाला. पण मी चळवळीतली आहे, चळवळीत जळफळाटाला 'समन्वय' म्हणतात. मी नानांना म्हटलं, आपण दोघं मिळून काम करू. पुढचे काही महिने आम्ही देवपूर, जुनं धुळं, सोनगीर, एकदा तर पार चोपड्यापर्यंत सभा घेत फिरलो. मी पत्रक वाटायचे, नाना घोषणा करायचे. फक्त 'चष्मा कुणी पळवला?' हे माझं पहिलं पिवळं पत्रक, ज्यात मी दवाखान्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं, ते वाचून दाखवायची वेळ आली, की नानांचा घसा बसायचा. दर वेळी. मी त्यांना खडीसाखर आणून द्यायचे.

नाना कुणी संत नव्हते, हेही सांगून ठेवते. डॉक्टर मॅडम एकदा बोलता बोलता म्हणाल्या, की गोंधळलेल्या माणसाजवळ ओळखीचा माणूस बसावा, त्याने शांतपणे सांगत राहावं की आपण कुठे आहोत, आज वार कोणता, मी कोण. झालं. कुठे आहोत हे सांगण्यातच ज्यांची हयात गेली, त्यांना आणखी काय हवं? आमच्या मागच्या गल्लीतल्या, गाद्या-रजया भरणाऱ्या हमीदचाचांचं ऑपरेशन झालं होतं. चाचा पडल्या पडल्या जरा भरकटले होते. नाना त्यांच्या उशाशी गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "लक्ष द्या! धुळ्याहून शिरपूरकडे जाणारी, व्हाया सोनगीर, फलाटावर लागत आहे!"

चाचा ताडकन उठून बसले. "अरे, मेरी थैली किधर है?" म्हणत पलंगावरून पाय खाली टाकले. सिस्टर धावत आल्या. चाचांना शिरपूरला काही काम नव्हतं, पण गाडी लागलीय म्हटल्यावर ती सोडायची कशी? सिस्टरनी चाचांना झोपवलं आणि नानांना हाकललं. वॉर्डातले बाकीचे पेशंट मात्र जळगावच्या गाडीची वाट बघत राहिले.

मॅडमनी नानांना केबिनमध्ये बोलावून समजावलं. गाड्या नकोत. आवाज खाली. घाई नको. नानांनी ते ऐकलं, आणि पुढे हमीदचाचांजवळ ते रोज जाऊन बसले. "चाचा, मी रामदास. हे धुळं. आज शुक्रवार. तुमचा चष्मा हा घ्या." एवढंच. चाचा बरे होऊन घरी गेल्यावर त्यांनी नानांसाठी नवी उशी भरून पाठवली. नाना म्हणाले, "निमआराम."

अक्कांचं या सगळ्यावर एकच मत होतं. त्या आता काठी घेऊन घरभर फिरतात, मशीन कानात, चष्मा दोरीने गळ्यात, आणि नाना दिसले की सुरू होतात. "डोकरा गावभर सांगत फिरस. घरमा तेल संपेल शे, ते कोन सांगी?"

इथवर आमचं बरं चाललं होतं. मग थंडी आली, भरिताची वांगी आली, आणि सोनगीरच्या किल्ल्याखाली एका शेतात भरिताची पार्टी झाली. नानांनी भरीत, कळण्याची भाकरी, त्यावर कच्चं तेल, आणि वर वाटीभर शेवभाजी असं सगळे थांबे घेत जेवण केलं आणि मग पोट धरून बांधावर आडवे झाले. तपासण्या झाल्या. पित्ताच्या पिशवीत खडे. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करून घ्या. आत्ता तब्येत चांगली आहे, तयारीला वेळ आहे. पिशवी सुजली तर घाईत करावं लागेल, आणि तुमच्या वयात घाई वाईट."

नाना म्हणाले, "खडे तर मुंबई-आग्रा रोडवरबी शेतस. गाड्या चालतस ना?"

आणि ऑपरेशनला नाही म्हणाले.

मी त्यांच्यावर जे तुटून पडले, ते माझ्या तत्त्वांना धरूनच होतं. ज्या माणसाने गावोगाव ऑपरेशनची तयारी सांगितली, तोच ऑपरेशनला तयार नाही! मी त्यांच्या ओट्यावर उभी राहून हे मोठ्याने म्हटलं. गल्ली ऐकत होती. नाना रोज नवं कारण सांगायचे. पुलाचं काम चालू आहे. गाडी डेपोत आहे. चालक रजेवर आहे. मध्ये दोनदा कळा आल्या, त्या त्यांनी अक्कांपासून लपवल्या आणि गुपचूप जिरे चघळत बसले. त्यांचा मुलगा जळगावला अपडाउन करतो, तो कंटाळून म्हणाला, "ताई, तुम्हीच काहीतरी करा."

मी जे केलं ते असं. मी 'प्रचारकच पळपुटा' या मथळ्याचं पत्रक लिहायला घेतलं. हो. नानांच्या विरोधात. छापलं नाही, कारण छापखानेवाला नानांचा मित्र निघाला. तो म्हणाला, "आधी त्यांना विचारून या. सकाळपासून स्टँडवर बसलेत."

मी स्टँडवर गेले. नाना अमळनेरवरून चोपड्याला जाणारी गाडी जिथे लागते तिथल्या बाकावर बसले होते. वर स्पीकरवर रेकॉर्ड केलेल्या बाईचा आवाज येत होता.

"ऐक," नाना म्हणाले. "गाडी अजून तठे वळन घी ऱ्हायनी, आनि बाई म्हनस, फलाटले लागली शे. म्हातारं मानूस धावस ना मग."

मी बसले आणि तयार केलेलं भाषण सुरू केलं. ते त्यांनी दोन वाक्यं ऐकलं. मग म्हणाले, "पोरी, तू ते पिवळं पत्रक काढेल होतं. चष्मा कोनी पळाडा."

"हो. दवाखान्याने."

"मी."

गाडी फलाटाला लागली. माणसं चढली.

नानांनी सांगितलं ते असं. ऑपरेशनला नेताना सिस्टरनी अक्कांचं सगळं काढून पिशवीत घालून नानांच्या हातात दिलं. गळ्यातली पोत, पाटल्या, आणि चष्मा, मशीन, कवळी. नाना घाबरले. मशीन महागाचं, मुलाने किती हौसेने घेतलेलं. दवाखान्यात हरवलं तर? म्हणून ते पिशवी घेऊन घरी आले आणि सोन्याबरोबर सगळं कपाटात ठेवलं. सुनेने कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. दुसऱ्या दिवशी आखाजी. सून म्हणाली, मी राहते. नानाच म्हणाले, पोरीच्या जातीला आखाजीचं माहेर वर्षातून एकदाच, तू जा, मी आहे ना. तिला याच फलाटावर, चोपड्याच्या गाडीत, स्वतः बसवून दिलं. तिच्या कमरेला किल्ली गेली. सातपुड्याच्या पायथ्याला झोक्यावर बसून ती आखाजीची गाणी म्हणत होती, आणि इथे अक्का पलंगावर आंधळ्या-बहिऱ्या होऊन पडल्या होत्या. कुलूप तोडावं असं कुणाला सुचलं नाही, कारण चष्म्याचा आणि डोक्याचा काही संबंध असतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे म्हणत होते वय झालं.

"मी उशाशी उभा," नाना म्हणाले. "म्हंतं, शकू, मी शे. ती म्हने, तू कोन शेस रे भाऊ? बाजूले सरक."

त्यांनी फलाटावरच्या गाडीकडे बघितलं.

"मग माले सांगे. मालेच! म्हने, मन्हा घरना मानूस स्टँडवर शे. त्यास्ना आवाज येवाले जोयजे. त्या सांगतीन, तव्हय मी उतरसू."

लग्नानंतर अक्का माहेराहून, चोपड्याहून, यायच्या तेव्हा त्यांची गाडी आली की केबिनमधून नाना ती पोहोचल्याची घोषणा दोनदा करायचे. दुसऱ्यांदा जरा सावकाश. इतरांसाठी एकदा, अक्कांसाठी एकदा. अक्का दुसरी ऐकल्याशिवाय गाडीतून उतरायच्या नाहीत. हे त्या दोघांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. आणि अक्का पलंगावर पडून तीच वाट बघत होत्या. नाना त्यांच्या कानाशी घसा फोडून घोषणा करत होते, आणि ती अक्कांपर्यंत पोहोचत नव्हती, कारण मशीन कपाटात, किल्ली सातपुड्याखाली.

"तिले काहीच आठवत नही," नाना म्हणाले. "माले बठ्ठं आठवस. आते मी झोपसू आनि उठीसन तिलेच म्हनसू, बाई, तू कोन शेस? हाई तिन्हा वाट्याले नको."

म्हणून ऑपरेशन नको.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. यात आरोपी कोण, मागणी काय, काही ठरेना. मी पर्समधून 'प्रचारकच पळपुटा' बाहेर काढलं, नानांना दिसणार नाही अशी त्याची घडी घातली, आणि चहावाल्याला दोन चहा सांगितले. चहा येईपर्यंत आणि पिऊन होईपर्यंत गप्प बसले. नानांनी माझ्याकडे दोनदा संशयाने पाहिलं. शेवटी म्हणाले, "तब्येत ठीक शे ना तुनी?"

घरी आल्यावर अक्कांना कुणी काय सांगितलं, मला माहीत नाही. मी सांगितलं नाही. बहुतेक मुलाने ऑपरेशनचा विषय काढला असावा आणि नानांच्या गप्प बसण्यावरून त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. दुसऱ्या दिवशी अक्का काठी टेकत स्वतः डॉक्टर मॅडमसमोर जाऊन बसल्या. मी सोबत होते.

"हाऊ डोकरा रात्रे गोळी खास," अक्का म्हणाल्या. "झोपनी. माले माहीत नही असं त्याले वाटस. मन्हं ऑपरेशन व्हयनं तव्हयपासून."

नाना छताकडे बघत होते. गावोगाव 'गोळीबद्दल खरे सांगावे' ही घोषणा करणारे हेच ते. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी गोळीचं नाव विचारलं, एकदम बंद करू नका म्हणाल्या, ती कशी कमी करायची ते समजावलं, रोज सकाळी चालायला सांगितलं, आणि तारीख त्या हिशोबाने ठेवली. नानांनी विचारलं, "आनि तरी बी डोकं भरकटनं तर?"

"भरकटू शकतं," मॅडम म्हणाल्या. "तयारीने शक्यता कमी होते, संपत नाही. पण झालं तर आम्हाला लगेच कळेल, आणि तुमच्याजवळ माणूस असेल."

"मी शे ना," अक्का म्हणाल्या.

ऑपरेशनच्या दिवशी पिशवी माझ्या हातात होती. नानांचा चष्मा आणि कवळी. मी ती छातीशी अशी धरून बसले होते, की सिस्टरनी विचारलं, यात सोनं आहे का. मी 'आहे' म्हटलं. गल्लीतली, गावाकडची माणसं पिकअप गाडी करून भेटायला येणार होती. त्यांना मी दाराशीच अडवलं आणि दोघादोघांनी या, असं सांगितलं. जरा ओरडूनच सांगितलं. सगळ्याच सवयी जात नाहीत.

नाना बाहेर आले, चष्मा लावला, अक्कांकडे बघितलं, ओळखलं. मी सुटकेचा श्वास सोडला. फार लवकर सोडला.

दिवेलागणीला नाना चुळबुळ करू लागले. हात चादरीवर फिरायला लागला, काहीतरी शोधल्यासारखा. माईक असावा. "लक्ष द्या," ते पुटपुटले. पुढचं सापडेना. "लक्ष द्या... हाई कोन गाव शे? गाडी कोठे थांबेल शे?" डोळे अक्कांवर होते, पण त्यांना कोण दिसत होतं कोण जाणे. मी ताडकन उठले. माझ्या तोंडात सगळं पत्रक एका दमात आलं, नाना हे धुळं आहे आज बुधवार आहे तुमचं पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन झालं आहे आणि...

अक्कांनी माझा हात दाबला. "थांब वं, विनाथांबा."

मी थांबले, आणि सिस्टरना बोलवायला गेले. परत आले तेव्हा अक्का खुर्ची ओढून अगदी उशाशी बसल्या होत्या, काठी पलंगाला टेकवलेली, मशीन कानात नीट बसवलेलं. जन्मभर नानांची टिंगल करणारी ही बाई, अहिराणीशिवाय मी तिच्या तोंडून दुसरं काही ऐकलेलं नव्हतं. ती वाकली आणि शुद्ध, कोरीव, केबिनमधल्या मराठीत हळूच म्हणाली, "लक्ष द्या. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. हे धुळे. आज बुधवार. आपली गाडी धुळ्याला पोहोचली आहे."

नानांचा हात थांबला.

अक्कांनी श्वास घेतला. मग तेच सगळं पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा, जरा सावकाश.

"उतरू का?" नानांनी विचारलं.

"उतरा आते," अक्का म्हणाल्या. "मी शे आठे."

सिस्टर मागे उभ्या होत्या. त्यांनी नाडी पाहिली, मॅडमना फोन केला, दिवा मंद केला. पुढचे दोन दिवस संध्याकाळ झाली की नाना थोडे भरकटायचे, आणि अक्का त्यांना उतरवून घ्यायच्या. मग ते थांबलं. घरी आल्यावर नाना ओट्यावर उभे राहिले, पण घोषणा केली नाही. आत बघत म्हणाले, "चहा?" आतून उत्तर आलं, "फलाटवरून सुटी ऱ्हायना."

आता तुमच्याकडे वळते. मागणीशिवाय मला कागद संपवता येत नाही. तुमच्या घरात, शेजारात, ज्या म्हाताऱ्या माणसाचं ऑपरेशन ठरलं आहे, त्यांचा चष्मा, मशीन, कवळी ऑपरेशननंतर कुणाच्या हातात असणार, ते आज ठरवा. त्यांच्या गोळ्यांचं डॉक्टरांना खरं सांगा. कपाटाची किल्ली कुणाच्या कमरेला आहे ते विचारा आणि ती माहेरी जाऊ देऊ नका. माणूस जाऊ द्या, किल्ली नको. मग त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसा आणि आपण कुठे आहोत ते सांगा. ऐकू गेलं नाही तर पुन्हा सांगा. सावकाश.

चला, उठा. कपाट उघडा.